भय गेले, मर्यादा राहिली काय?

डोंगरातील शेतकऱ्याच्या कुऱ्हाडीशी व त्याच्या विश्वासाशी एकाच वेळी संबंध असलेला एक प्रश्न आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. तो असा: ज्या देवतेच्या धाकाने मनुष्य एखाद्या राईतील काटकीही उचलीत नसे, त्या देवतेवरील त्याचा विश्वास उडाला, तर त्या राईस कुऱ्हाड लावण्यास तो मोकळा झाला काय? मूर्ती काहीच नाही हे ज्यास उमगले, त्याने मूर्तीमागचे झाडही काहीच नाही असे समजावे काय?

जव्हार व मोखाडा तालुक्यांतील मंडळ्यांस हा प्रश्न परका नाही. ह्या मुलखात गावदेवाच्या व वाघदेवाच्या जागी जुनी झाडे राखिलेली आढळतात. आपले वाडवडील तेथे नवस फेडीत, कोंबडे वाहत, आणि तेथील लाकूड घरी नेल्यास कोप होईल असे मानीत. प्रभूने आपणांस त्या भयातून सोडविले ह्याबद्दल त्याचे उपकार मानावे तितके थोडेच. परंतु भय निघून गेल्यावर मन रिकामे राहू नये, हाही प्रभूचाच इशारा आहे. झाडून स्वच्छ केलेल्या रिकाम्या घरात पहिल्याहून वाईट पाहुणे शिरतात, असे त्याने दाखल्यात सांगितले. देवाचे भय गेले आणि त्या ठिकाणी लोभ येऊन बसला, तर सुटका झाली असे कोण म्हणेल?

आता भूमीची स्थिती पाहू. घाटावर ज्या शब्दाने शेताचा बोध होतो, त्याच वावर नावाचे गाव जव्हार तालुक्यात आहे. १९९२–९३ साली वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने व रोगाने अनेक बालके दगावली, तेव्हा ते नाव साऱ्या महाराष्ट्रास दुःखाने ठाऊक झाले. त्या मृत्यूंची कारणे अनेक होती: दारिद्र्य, औषधोपचाराचा अभाव, खराब रस्ते, सरकारी दुर्लक्ष. परंतु नागली व वरई ज्या वरकस जमिनीत पिकते, ती दरसाल पातळ होत असेल, तर कणगीही दरसाल लवकर रिकामी होते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. दिवाळीनंतर सारी घरे जगावयास म्हणून वीटभट्ट्यांकडे निघतात, त्याच्या मुळाशी हेही एक कारण आहे.

येथे पावसाची वाण नाही. वर्षास शंभर इंच व काही वेळा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. तरी शिमगा उलटला की विहिरी तळ गाठतात, आणि बायाबापड्या हंडे घेऊन कोसभर चालतात. वैतरणेचे पाणी नळांतून मुंबईस पोहोचते, पण तिच्या उगमाकडील पाड्यांस टँकरची वाट पाहावी लागते. ह्यात राज्यकारभाराचा दोष आहे तसा उघड्या उताराचाही आहे. पावसाचा थेंब पानांवर व पाचोळ्यावर पडला तर त्याचा जोर मोडतो, आणि पाणी मुळांच्या वाटेने हळूहळू खाली मुरते. तोच थेंब उघड्या मातीवर पडला तर मातीचे कण उडवितो, छिद्रे बुजवितो, आणि पाणी न मुरता माती घेऊन ओहोळात उतरते. मग चार महिने पूर व आठ महिने तहान, असा संसार होतो.

माती म्हणजे निर्जीव धूळ नव्हे. चमचाभर सुपीक मातीत डोळ्यांस न दिसणारे कोट्यवधी जीव असतात. तेच पाचोळा व शेण कुजवून पिकास अन्न पुरवितात. चार्ल्स डार्विन ह्या शास्त्रज्ञाने १८८१ साली गांडुळांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडातील पुष्कळ ठिकाणी एका एकरात दरसाल दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरांतून जाते, असे त्याने त्यात दाखविले. ज्यास आपण पायाखाली तुडवितो, त्या प्राण्यास देवाने नांगरट्याचे काम सोपविले आहे. अशी माती इंचभर तयार व्हावयास शेकडो वर्षे लागतात, पण वाहून जावयास काही पावसाळे पुरतात.

आपल्या राबाचेही असेच आहे. १९१२ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान ह्यांनी दोघा सहकाऱ्यांसह राब पद्धतीची शास्त्रीय परीक्षा करून तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. राब भाजणे हे अज्ञानाचे कृत्य नव्हे. आचेने तणाचे बी मरते, राखेतून पोटॅश मिळते, व तापलेल्या मातीतील काही अन्न रोपांस लवकर लागू पडते. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी ती रीत धरिली. परंतु ज्या शेणाचे व पाल्याचे खत व्हावयाचे, त्यातील मोठा भाग धूर होऊन जातो, आणि दरसाल ऐनाच्या फांद्या बुंध्यापर्यंत छाटिल्या तर ऐनही थकते. रान मोठे व माणसे थोडी होती तोवर ते सोसले. आता माणसे पुष्कळ झाली आणि रान थोडे उरले आहे.

ह्या विषयावर आयुष्य वेचणारा वॉल्टर लॉडरमिल्क नावाचा एक अमेरिकन शास्त्रज्ञ होऊन गेला. चीन देशात १९२०–२१ साली भयंकर दुष्काळ पडला. त्यानंतर १९२२ साली नानकिंग येथील मिशनरी विद्यापीठात दुष्काळ टाळण्याच्या उपायांचा अभ्यास करण्यास त्यास बोलाविण्यात आले. त्याची पत्नी आयनेझ ही चीनमध्ये मिशनकार्य केलेली बाई होती. डोंगर उघडे पडलेल्या मुलखात त्याने फिरून पाहिले, तो केवळ देवळांभोवतीच्या राया उभ्या होत्या. त्या राईत किती पाणी वाहून जाते व शेजारच्या उघड्या शेतात किती, हे त्याने मोजिले. उघड्या उतारावरून वाहणारे पाणी व त्याबरोबर जाणारी माती राईतल्यापेक्षा कितीतरी पट अधिक भरली. डोंगर सारखाच, पाऊसही सारखाच. फरक होता तो झाडांच्या छत्राचा. पुढे १९३९ च्या जून महिन्यात यरुशलेम येथून आकाशवाणीवर बोलताना त्याने सुचविले की, दहा आज्ञांनंतर अकरावी आज्ञा असती तर ती भूमीचे विश्वासू कारभारी होऊन तिला पिढ्यानुपिढ्या राखण्याची असती.

आपल्या सह्याद्रीतही असाच शोध झाला. पुण्याचे माधव गाडगीळ व वा. द. वर्तक ह्या शास्त्रज्ञांनी देवरायांचा अभ्यास करून १९७५ व १९७६ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केले. आजूबाजूचे डोंगर बोडके झाले असता जुन्या रानाचे अवशेष ह्या रायांत टिकून राहिले, हे त्यांनी जगाच्या नजरेस आणिले. अनेक रायांच्या पायथ्याशी झरा असतो, हे तर गुराखीही जाणतो. म्हणजे आपल्या पूर्वजांनी देव ओळखिला नसेल, पण झऱ्याचा उपकार ओळखिला होता. झाडाची पूजा केली ही त्यांची चूक आपण टाकून दिली. झाड राखिले ही त्यांची शहाणीव कोठे टाकावी?

येथे एखादा बंधू शास्त्राचा आधार घेऊन विचारील, “गिदोनाने आपल्या बापाच्या घरची अशेरा तोडून तिच्या लाकडांवर होम केला. मग आम्ही देवाची राई तोडिली तर पाप कसे?” प्रश्न योग्य आहे, आणि उपदेशकाने त्याचे उत्तर तयार ठेवावे. गिदोनाने जे तोडिले ते पूजेसाठी उभे केलेले लाकूड होते. गावास पाणी देणारे रान नव्हते. काही जुन्या भाषांतरांत त्या ठिकाणी राई हा शब्द आल्यामुळे हा गोंधळ होतो. ज्या नियमशास्त्राने मूर्ती मोडावयास सांगितल्या, त्याच नियमशास्त्राने (अनुवाद २०) शत्रूच्या नगरास वेढा घातला असताही त्याची फळझाडे तोडण्यास मनाई केली. आणि अब्राहामाने बैर-शेबा येथे झाड लाविले व तेथेच सनातन देवाच्या नावाने प्रार्थना केली. तेव्हा झाडाशी वैर करणे हे खऱ्या देवाच्या भक्ताचे लक्षण नव्हे.

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिताना ह्याहून खोल गोष्ट सांगितली आहे. मूर्तीस दाखविलेले मांस खावे की नाही, असा तेथे वाद होता. मूर्ती काहीच नाही हे पौलाने मोकळेपणाने कबूल केले, आणि भूमीचा धनी परमेश्वर आहे ह्या स्तोत्रकर्त्याच्या साक्षीवर ख्रिस्ती मनुष्याची मोकळीक उभी केली. पण लागलीच त्याने तिला मर्यादा घातली. दुसऱ्याच्या विवेकाचा विचार करा, आणि ज्याने शेजाऱ्याची उन्नती होते तेच करा, असे त्याने शिकविले. हा विचार आपल्या प्रश्नास लावून पाहा. राई वाघदेवाची नाही, हे खरे. पण म्हणून ती माझीही होत नाही. ती परमेश्वराची आहे. ज्या सत्याने माझे भय काढिले, त्याच सत्याने माझ्या कुऱ्हाडीस वेसण घातली आहे. खोट्या धन्याच्या वस्तूस हात लावावयास मी भीत होतो; खऱ्या धन्याची वस्तू तर मी अधिकच जपली पाहिजे.

शिवाय राई तोडणाऱ्याचे शेजारी कोण, ह्याचाही विचार व्हावा. उताराच्या खाली ज्याचे खाचर आहे तो शेजारी आहे. झऱ्यावर हंडा भरणारी बाई, ती मंडळीतली असो वा नसो, शेजारीण आहे. आणि जे मूल अद्याप जन्मास आले नाही, तेही शेजारीच. कारण आजची वाहून गेलेली माती त्याच्या ताटातून वजा होते. भय मनुष्यास केवळ स्वतःपुरते जपावयास शिकविते. प्रीती दुसऱ्यासाठी जपते, आणि कोणी पाहत नसतानाही जपते. नवीन विश्वास जुन्या भयापेक्षा श्रेष्ठ आहे असे आपण म्हणतो, तर त्याचे फळ श्रेष्ठ दिसले पाहिजे. ख्रिस्ती झालेल्या पाड्याची राई उभी आणि झरा वाहता असेल, तर ती साक्ष पुष्कळ उपदेशांहून मोठी होईल.

परंतु भुकेल्या मनुष्यास हा उपदेश कोणत्या तोंडाने करावा? चुलीत लाकूड नाही व घरात दाणा नाही, अशा घरी जाऊन पुढच्या पिढीची गोष्ट सांगणे सोपे नाही. हेही खरे की, ह्या जिल्ह्यातील रान गरिबाच्या मोळीने जितके गेले, त्याहून फार अधिक व्यापाऱ्याच्या लाकडाने व कोळशाच्या भट्ट्यांनी गेले. तेव्हा सारा दोष गरिबाच्या माथी मारणे अन्याय होय. नाबोथाचा मळा ज्याने बळकाविला, त्या राजासच एलीयाने जाब विचारिला. तथापि गरिबावर अन्याय झाला म्हणून गरिबाची जमीन वाहून जावयाची थांबत नाही. श्रीमंताचे शेत बुडाले तर त्यास दुसरे आहे. आपणांस एकच आहे. म्हणून माती राखणे हे गरिबावर लादलेले ओझे नसून त्याचे हक्काचे धन आहे.

ह्यास्तव प्रत्येक मंडळीने काही साधी कामे हाती घ्यावी. उतारावर आडवे दगडी बांध घालावे व जुने फुटलेले बांध पेरणीपूर्वी नीट करावे. राबासाठी झाड छाटताना शेंडा राखावा, आणि शक्य तितके शेण व पाला खड्ड्यात कुजवून त्याचे खत करावे. नागलीनंतर उडीद घ्यावा, म्हणजे जमिनीस नत्र मिळते. देवाने इस्राएलास सातव्या वर्षी भूमीस विसावा देण्याची आज्ञा केली (लेवीय २५). आपणही वरकसाचा एखादा तुकडा पाळीने पडीक ठेवावा. उताराच्या टोकाची जमीन नांगरू नये. तेथे आंबा व काजू लावावा. ह्या भागात बायफ संस्थेच्या साह्याने अशा वाड्या अनेक कुटुंबांनी उभ्या केल्या आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस आपले सामूहिक वन राखण्याचा हक्क दिला आहे. त्या सभेस ख्रिस्ती मनुष्याने जावे, शेजाऱ्यांबरोबर बसावे, आणि राई राखण्यास हात वर करावा. तेथे कोंबडे वाहण्यात आपला भाग नाही. पण वणवा विझविण्यात, गुरे आवरण्यात व रोपे लावण्यात आपला भाग पुढचा असावा. कोणी विचारिले, “तुमचा तर ह्या देवावर विश्वास नाही, मग राई का राखिता?” तर नम्रपणे सांगावे, “ही राई आमच्या पित्याची आहे.”

एदेन बागेत मनुष्यास ठेविले ते तिची मशागत करावयास व तिला राखावयास. ही दोन कामे देवाने एकाच वचनात जोडली आहेत. मशागत आपण करितो. राखणे विसरू नये. हिशेबाच्या दिवशी धनी आपल्या कारभाऱ्यास केवळ पिकाविषयी विचारणार नाही, शेताविषयीही विचारील. त्या दिवशी आपली भूमी, आपले झरे व आपल्या राया आपल्याविषयी चांगली साक्ष देवोत.