दुसऱ्याच्या जिवावर उदार

रस्त्यावर माणूस दगावला की पोलीस ठाण्यातल्या फिर्यादीत एक वाक्य जवळपास ठरलेले असते : 'आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून...' आणि पुढे कोणाच्या मरणास तो कारणीभूत झाला ते. हयगय, अविचार, दुर्लक्ष. चालकाचे चित्त ठिकाणावर नव्हते, असेच हे तिन्ही शब्द सुचवतात. काही वेळा ते खरेही असते. रात्रभर स्टिअरिंगवर बसलेल्या ट्रकचालकाचा पहाटे क्षणभर डोळा लागतो, तिथे हयगय म्हणावे. (त्याला सलग दोन रात्री जागवणाऱ्या मालकाला काय म्हणावे, हा प्रश्न वेगळा आणि बहुधा जास्त अडचणीचा.) पण आपण ज्याला बेदरकार म्हणतो त्याचे चित्त बहुतेकदा चांगले ठिकाणावर असते. त्याला निष्काळजी माणसाच्या पंगतीला बसवून आपण त्याच्यावर उपकारच करतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्याची कमान दिसली की एकशेतीसवरचा काटा शंभरावर येतो आणि कमान मागे पडली की पुन्हा वर चढतो. विरुद्ध दिशेने घुसणारा दुचाकीवाला दिवा लावून, अगदी कडेला चिकटून येतो. आपण काय करत आहोत आणि त्यात काय होऊ शकते, हे या दोघांनाही नेमके कळते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली आणि त्यांतल्या दहापैकी सात मृत्यूंपुढे कारण म्हणून अतिवेगाची नोंद आहे. सिग्नल नजरेतून सुटू शकतो, आरसा बघायचा राहू शकतो. पण मैलोन्‌मैल पायाखाली दाबून धरलेला वेग विसरण्यातून येत नाही. तो ठरवलेला असतो.

कायद्याला हा फरक ठाऊक आहे, पण तो करताना त्याची दमछाक होते. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर दारू प्यालेल्या एका तरुणाची मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जण मेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने तो निष्काळजीपणाचा गुन्हा मानला आणि सहा महिन्यांची कैद दिली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच कृत्याला सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षे दिली, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. या दोन निकालांत मुडद्यांची संख्या तीच होती, पुरावाही बहुतांशी तोच. वाद होता तो एकाच प्रश्नाचा : यात माणसे मरू शकतात, हे चालवणाऱ्याला कळत होते की नव्हते? मुंबईत पदपथावर माणसे झोपतात, हे कळायला फार मोठी बुद्धी लागत नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. मनात काय होते हे कोण पाहणार? शहाण्या माणसाला जे दिसले असते ते तुलाही दिसायला हवे होते, असे धरून चालावे. इंग्लंडने १९८१ पासून वीसेक वर्षे हेच करून पाहिले. परिणाम असा की शेडमध्ये आसऱ्याला थांबून आग पेटवणारी चौदा वर्षांची एक मंदबुद्धी मुलगीही दोषी ठरली, कारण शहाण्या माणसाला तो धोका दिसला असता. पुढे अकरा आणि बारा वर्षांच्या दोन मुलांनी एका दुकानाच्या मागच्या अंगणात वर्तमानपत्रे पेटवली, ती आपोआप विझतील असे समजून निघून गेली, आणि दुकान जळाले. २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांची शिक्षा रद्द केली आणि आधीचा नियमही मोडीत काढला. ज्याला धोका दिसलाच नाही तो अजाण असेल, बावळट असेल, बेदरकार नव्हे. मात्र ही सवलत दारू पिऊन गाडीला चावी लावणाऱ्याला मिळू नये. त्याने आपले डोळे स्वतःच्या हाताने बांधलेले असतात, आणि बांधताना तो शुद्धीवर असतो.

दुसरा आक्षेप आपल्या अंगात भिनलेला आहे. धोका पत्करल्याशिवाय कुणी काही मिळवले आहे का? प्रतापराव गुजर १६७४ मध्ये नेसरीच्या खिंडीत सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, ती बेदरकारीच नव्हती का? शहाणपण म्हणून पाहिले तर त्यात उणे काढता येईल, सरनौबताचा जीव एकट्या सरनौबताचा नसतो. पण पणाला लावले ते स्वतःचे शीर, आणि बरोबरचे सहा जण तलवार धरून निघालेले लढवय्ये होते. जिवावर उदार होणे ते हे. कोपरात हेल्मेट अडकवून जाणाराही एकवेळ स्वतःचेच डोके पणाला लावतो असे म्हणू. त्याने पुढे टाकीवर बसवलेल्या पोराला मात्र कुणी विचारलेले नसते. बेदरकार माणूस धोक्याचा हिशेब करतोच, फक्त त्यात खर्चाच्या बाजूला दुसऱ्याचे नाव लिहितो.

मग ज्याच्या हातून कुणी मेले नाही त्याचे काय? तोही तितक्याच वेगाने आला, तितकाच प्यालेला होता, वाटेत कुणी झोपलेले नव्हते इतकेच. न्यायालय दोघांना एकाच मापाने मोजू शकत नाही, आणि मोजूही नये. मृतांच्या घरच्यांना काही जाब द्यायचा असतो, आणि नुसत्या शक्यतेवरून माणसे तुरुंगात घालणारे राज्य आपल्याला परवडणार नाही. पण आपण काही न्यायाधीश नाही. तीन तासांची वाट दोन तासांत तोडली, असे जेवणाच्या ताटावर ऐकून आपण 'वा, काय हात आहे' म्हणतो तेव्हा कुठल्याही कलमाने आपले तोंड धरलेले नसते. नशिबाने वाचवलेल्या माणसाला आपण कुशल समजतो, आणि तोच माणूस पुढच्या खेपेला पावणेदोन तासांचे बोलतो.