देवाची भीती आणि मुलाचे मन

‘खोटं बोललास तर देव शिक्षा करेल’, ‘अन्न टाकलंस तर पाप लागेल’ ही वाक्ये मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलली जातात. मुलाने खरे बोलावे, अन्नाची किंमत जाणावी, वडीलधारे समोर नसतानाही नीट वागावे, हा त्यांमागचा हेतू चांगलाच असतो. प्रश्न साधनाचा आहे. भीतीतून नीती किंवा श्रद्धा उपजते का, आणि लहान मनावर त्या भीतीचा काय परिणाम होतो?

भीतीच्या बाजूने असे म्हटले जाते की, लहान मुलाला तत्त्व कळत नाही. म्हणून आधी धाक असावा, समज मागाहून येते. शास्त्राचा आधारही दिला जातो. वारा, सूर्य, अग्नी, इंद्र आणि मृत्यू हे सारे ब्रह्माच्या भयाने आपापली कामे करतात, असे तैत्तिरीय उपनिषदाच्या ब्रह्मानंदवल्लीत सांगितले आहे. परंतु त्याच वल्लीत, या वचनाच्या लगेच आधी, भयाचे कारणही दिले आहे: जो ब्रह्मात स्थिर होतो तो निर्भय होतो, आणि जो त्यात थोडेसेही अंतर ठेवतो त्याला भय वाटते. म्हणजे भय हे दुराव्याचे लक्षण ठरते. साधकाने गाठायची अवस्था अभयाची आहे.

मुलाचे मन या भीतीचे काय करते, यावर स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्या १९३२ सालच्या अभ्यासाने प्रकाश पडतो. सफरचंदे चोरून पळणारा मुलगा कुजक्या पुलावरून जाताना पाण्यात पडतो, अशी गोष्ट सांगून त्यांनी मुलांना विचारले: चोरी न करता तो त्याच पुलावरून गेला असता, तरी पडला असता का? सहा वर्षांच्या आसपासची बहुतेक मुले ‘नाही’ म्हणत. त्यांच्या लेखी तो पूलच शिक्षा देत होता. वयाबरोबर ही समजूत ओसरत जाते.

याचा अर्थ असा की, लहान मूल अनेकदा संकटात शिक्षा शोधते. स्वतःचे आजारपण, आजीचा मृत्यू, आईवडिलांचे वेगळे होणे यांचा दोष ते स्वतःकडे घेऊ शकते. देव शिक्षा करतो हे मोठ्यांकडून ऐकले की या समजुतीला दुजोरा मिळतो. मग काही मुलांची झोप उडते, काही पुन्हापुन्हा क्षमा मागतात, आणि पुष्कळ मुले चूक लपवायला शिकतात. ज्या सत्यासाठी धाक घातला, तेच हातचे जाते.

नीतीच्या दृष्टीनेही हा मार्ग अपुरा आहे. शिक्षेच्या भयाने केलेली कृती कर्तव्याशी जुळली, तरी तिला नैतिक मोल नाही, हा इमॅन्युएल कांट यांच्या विचाराचा गाभा आहे. धाक उठला की वागणे बदलते. तत्त्व पटले असेल तर ते टिकते.

भारतीय परंपरेतही दुसरी वाट स्पष्ट आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण मोजताना पहिले नाव अभयाचे येते. कठोपनिषदात नचिकेत या लहान मुलाच्या मनात श्रद्धा जागते आणि तो वडिलांच्या दानातील उणीव पाहून त्यांना प्रश्न विचारू लागतो. साक्षात यमासमोरही त्याचे प्रश्न थांबत नाहीत, आणि यम त्याला न दटावता त्याचे कौतुक करतो. श्रद्धा आणि प्रश्न येथे एकत्र नांदतात. वारकरी संतांनी तर विठ्ठलाला माउली म्हटले. आईजवळ अपराध कबूल करता येतो; नुसत्या दंडकर्त्यापासून तो लपवावा लागतो.

भीती टाळणे म्हणजे शिस्त सोडणे नव्हे. पियाजे यांनी शिक्षेचे दोन प्रकार वेगळे केले: चुकीशी संबंध नसलेले प्रायश्चित्त, आणि चुकीच्या परिणामाशी जोडलेली जबाबदारी. दुसऱ्याचे खेळणे मोडले तर ते दुरुस्त करायला मदत करणे, खोटे बोलल्याने कोणाचा विश्वास उडाला हे समजून घेणे, हा दुसरा प्रकार होय. यातून मूल कार्यकारणभाव शिकते आणि दुसऱ्याचे दुःखही ओळखते. घरात आजार किंवा मृत्यू आला, तर ‘हे तुझ्या चुकीमुळे झालेले नाही’ असे मुलाला स्पष्ट शब्दांत, गरज पडल्यास पुन्हापुन्हा सांगावे. भीती किंवा अपराधभाव आठवडेच्या आठवडे टिकला, खाणे, झोप, शाळा यांवर परिणाम होऊ लागला, तर बालमानसतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. प्रार्थना आणि सणवार मुलाला जवळीक व कृतज्ञता देऊ शकतात. त्यासाठी देव मुलाच्या बाजूने उभा आहे, हा विश्वास आधी घरातल्या मोठ्यांच्या वागण्यातून त्याला मिळावा लागतो.