वाळूला मोकळा श्वास

सायली,

ओरेगॉनमध्ये गावाबाहेर घर घेतलंत आणि पहिल्याच पावसाळ्यात सेप्टिकच्या डब्यावर लाल दिवा लागून भोंगा सुरू झाला, हे कळलं. भोंगा बटण दाबून बंद कर, पण दिव्याकडे काणाडोळा करू नकोस. पंपाच्या टाकीत पाणी नको तितकं चढलंय, एवढाच त्याचा अर्थ. आधी कपड्यांचं आणि भांड्यांचं मशीन थांबव, आंघोळी आटोपत्या घ्या. ब्रेकर पडला असेल तर एकदाच वर कर. पुन्हा पडला तर हात लावू नकोस, सेप्टिकवाल्याला बोलाव. पंप जळलेला असेल, पाण्याच्या पातळीनुसार पंप चालू-बंद करणारा फ्लोट अडकला असेल किंवा झाकणाच्या फटीतून पावसाचं पाणी आत शिरत असेल. टाकीचं झाकण मात्र स्वतः उघडून आत वाकू नकोस. तिथल्या वायूने माणूस बघता बघता बेशुद्ध पडतो.

आता तुमच्या सेप्टिकमधल्या वाळूच्या थराविषयी. ती नुसती गाळणी आहे असं समजू नकोस. टाकीत गाळ खाली बसतो, तेलकट तवंग वर राहतो आणि मधलं पाणी पंप थोडं थोडं करून सुमारे दोन फूट जाडीच्या वाळूवर सोडतो. दोन खेपांच्या मध्ये वाळूच्या कणांत हवा शिरते. त्या हवेवर जगणारे जिवाणू पाण्यातली घाण खातात. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सच्या प्रयोगकेंद्रात १८८७ पासून या पद्धतीचा अभ्यास झाला. म्हणून सगळ्या देखभालीचं सार एकच: वाळूला श्वास घेऊ द्यायचा.

तो कोंडतो कशाने? सततच्या पाण्याने आणि चिकट घाणीने. गळका फ्लश दिवसाला साडेसातशे लिटरपर्यंत पाणी वाया घालवू शकतो आणि ते सगळं वाळूच्या डोक्यावर जातं. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाक आणि पंधरा-वीस मिनिटं कुणी फ्लश करू नका. खाली भांड्यात रंग उतरला तर रबरी झडप बदल. दहा मिनिटांचं काम आहे. तळणीचं तेल आणि तूप सिंकमध्ये ओतायचं नाही, कढई आधी कागदाने पुसायची. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, ओले वाइप्स कचऱ्यातच. बाजारात मिळणाऱ्या 'सेप्टिक पावडरी'वर पैसे घालवू नकोस.

वाळूत उभी पाहणी-नळी असते. पंप चालू व्हायच्या जरा आधी तिच्यात डोकाव. पाणी साचलेलं दिसलं तर वाळूवर बुळबुळीत थर चढलाय असं समज. पाण्याचा वापर कमी कर आणि जाणकाराला दाखव. वरून वाळू उकरून घेण्याचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नकोस, आधी कारण शोधायला सांग.

वर्षातून एकदा टाकीच्या तोंडावरची गाळणी धुऊन घे, वाळूवर पाणी सोडणाऱ्या नळ्यांच्या टोकाच्या झडपा उघडून आतला गाळ काढून घे आणि फ्लोट तपासून घे. गाळाची उंची मोजून टाकी साधारण तीन ते पाच वर्षांनी उपसावी लागते. वाळूच्या जागेवर गवतच असू दे. झाड लावायचं नाही, गाडीही न्यायची नाही.

काउंटीच्या कार्यालयातून घराचा सेप्टिक परवाना आणि नकाशा मागून घे, आणि झालेल्या प्रत्येक कामाची तारीख त्यावर टिपून ठेव. घर विकायची वेळ आली तर पहिल्यांदा हाच कागद मागतील.

तुझा,
मामा