नावाचे बुडबुडे

कन्हान नदीचं पाणी नळातून नागपुरात पोहोचलं, की ते 'नागपूरचं पाणी' होतं. काटोल-नरखेडची, अगदी अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीची संत्रीसुद्धा ट्रकात चढली, की 'नागपुरी' होतात. यावर कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही. आमच्या इकडची माणसं सोशीक. फ्रेंच तसे नाहीत.

फ्रान्सच्या ईशान्येला शाम्पेन नावाचा मुलूख आहे. तिथल्या द्राक्षांच्या, तिथेच केलेल्या फसफसत्या वाइनलाच शॅम्पेन म्हणायचं, असा त्यांचा कायदा. १९१९ च्या व्हर्सायच्या तहातसुद्धा वाइनच्या गावांची नावं राखण्याचं कलम आहे. महायुद्धात लाखो माणसं गेली, पण तह लिहिताना बाटलीवरचं लेबल कुणी विसरलं नाही!

कृती मोठी चिकाटीची. आधी साधी वाइन करायची. मग साखर नि यीस्ट घालून ती बाटलीत कोंडायची. तिथे ती दुसऱ्यांदा आंबते. वायूला पळायला वाट नाही, तो मुकाट्याने वाइनमध्येच मुरतो. आतला दाब मोटारीच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट. अशी निदान १५ महिने मुदत ठेव. मग बाटली रोज थोडी फिरवत उलटी करायची, गाळ बुचाशी आणायचा, मान गोठवून तो उडवायचा आणि पुन्हा बूच ठोकायचं. याचं श्रेय लोक दोम पेरिन्यों या मठवासी साधूला देतात. तो बिचारा बुडबुडे टाळण्याच्याच खटपटीत होता! साखरेने वाइन फसफसते, हे मेरेट नावाच्या इंग्रजाने १६६२ सालीच नोंदवलं होतं. थोडक्यात, जमा भलत्याच खात्यावर.

हीच कृती १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने आपल्या नारायणगावला केली. कंपनीचं नाव 'शँपेन इंडेज', पण परदेशी गेलेल्या बाटलीवर नाव 'ओमर खय्याम'. पुढे कंपनी कर्जात बुडाली, ती गोष्ट वेगळी. २०१३ साली तर खुद्द शाम्पेनमधल्या एका बड्या घराण्याने आपल्या नाशिक जिल्ह्यातली फसफसती वाइन बाजारात आणली. तिच्यावरही 'शॅम्पेन' नाही. मालक तेच, कृती तीच, फक्त माती दिंडोरीची.

आमचे कॅशियर म्हणाले, "काहून बाप्पा? बुडबुडे तेच, मंग नाव काहून नाही?"

प्रश्न रास्त आहे. पण काउंटरवर आम्ही चेकवरची सही बघतो, अक्षराचं वळण नव्हे. मूळ मालकापेक्षा त्याची सही देखणी करणारे कलावंत जगात आहेत. त्यांना आम्ही बक्षीस देत नाही, पोलिसांत देतो. नाव म्हणजे चवीचं सर्टिफिकेट नाही. 'माल अमक्याचा आहे, बिघडला तर त्यालाच धरा' एवढंच नाव सांगतं. नारायणगावची वाइन सरस निघाली, तरी ती नारायणगावच्याच नावावर सरस ठरायला हवी. इथवर फ्रेंचांचं बरोबर.

पण स्वित्झर्लंडमध्ये शाम्पेन याच नावाचं एक खेडं आहे. नाव शेकडो वर्षांचं, तिथे वाइनही होते, तीही बिनबुडबुड्यांची. युरोपीय संघाशी १९९९ साली झालेल्या करारामुळे २००४ पासून त्या शेतकऱ्यांना आपल्याच गावाचं नाव आपल्याच बाटलीवर लिहिता येईना. यांनी कुणाची सही केली होती? स्वतःचीच केली, तरी चेक परत!

२०१४ पासून आपल्या नागपुरी संत्र्यालाही भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा कुंपण घालायची पाळी आपल्यावरही येणार. खोट्या सहीवाल्याला जरूर अडवावं. पण एकाच नावाचे दोन खातेदार आले, तर बँक दोघांना वेगळे नंबर देते. ज्याची शिल्लक कमी, त्याने आपलं नाव बदलून यावं, असं अजून तरी कुठल्या मॅनेजरने सांगितलेलं नाही.