कमांड चालली म्हणजे काम झालं?

उभा राहा. ४४३ पोर्ट उघडेना म्हणून एनएफटेबल्समध्ये 'अ‍ॅक्सेप्ट'चा तोच नियम पुन्हा पुन्हा लिहिलास, आणि शेवटी वैतागून 'एनएफटी फ्लश रूलसेट' ठोकलंस! कुणाला विचारून?

अडथळा तिथे नव्हताच. तुमची जुनी बूट-स्क्रिप्ट आयपीटेबल्स-लेगसीत 'ड्रॉप' भरून ठेवते. दोन्ही यंत्रणा कर्नलच्या त्याच नेटफिल्टरला जोडलेल्या आहेत. पॅकेट दोन्हींच्या तावडीतून सुटावं लागतं. एकीने सोडलं तरी दुसरी अडवू शकते, आणि एकदा ड्रॉप झालं की विषय संपला. तुझ्या फ्लशने लेगसीला धक्काही लागला नाही. डॉकरने आयपीटेबल्स-एनएफटीमार्फत लिहिलेले नियम मात्र साफ पुसले गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी! डॉकर रीस्टार्ट केल्यावर ते परत आले म्हणतोस. तोवर ज्यांचं काम ठप्प झालं त्यांचं काय?

"पण सर, कमांड तर आयपीटेबल्सचीच होती" हे कारण मला सांगू नकोस. नाव तेच जुनं, आतली यंत्रणा बदलली आहे. एनएफटेबल्स २०१४ साली ३.१३ कर्नलमध्ये आलं. २०१९ च्या डेबियन १० पासून नुसतं 'आयपीटेबल्स' लिहिलं तरी नियम मुळात एनएफटेबल्सकडेच जातात. जुन्या स्क्रिप्ट मोडू नयेत म्हणून केलेली सोय आहे ती. तिच्या भरवशावर डोळे मिटून बसलास. 'आयपीटेबल्स -व्ही' बघितलं असतंस तर कंसात 'एनएफ_टेबल्स' की 'लेगसी' ते कळलं असतं. आणि 'आयपीटेबल्स -एल' केल्यावर वॉर्निंग आली होतीच: लेगसी टेबल्स आहेत, ती आयपीटेबल्स-लेगसीने बघा. ती वाचायची कुणी?

आता बस आणि कामाला लाग. आधी 'आयपीटेबल्स-लेगसी-सेव्ह' आणि 'एनएफटी लिस्ट रूलसेट' दोन्हींचं आउटपुट फाइलमध्ये घे. जुने नियम 'आयपीटेबल्स-रिस्टोर-ट्रान्सलेट'मधून काढ, पण निकाल ओळ न् ओळ वाच. त्याला जे जमत नाही ते तो हॅशच्या मागे कॉमेंट करून ठेवतो, आणि तोच नियम नेमका गळतो. मग 'एनएफटी -सी -एफ'ने तपासून फाइल चढव. लेगसी रिकामी करताना पॉलिसी आधी अ‍ॅक्सेप्टवर आण, नियम नंतर पूस. उलट केलंस तर तुझंच एसएसएच तुटेल. बूट-स्क्रिप्टमधली ओळही काढ, नाहीतर रीबूटनंतर ड्रॉप पुन्हा हजर. आणि फ्लश टाइप करण्याआधी मला बोलाव.