पाप कोणत्या वयापासून लागते?

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात दडवला. ऋषींचे मौनव्रत होते, त्यामुळे राजाच्या शिपायांनी त्यांनाही चोरांबरोबर सुळावर चढवले. जीव वाचला, पण सुळाचे टोक अंगात कायमचे रुतून बसले. पुढे त्यांनी यमधर्माला जाब विचारला : हे कोणत्या कर्माचे फळ? लहानपणी किड्यांना गवताची काडी टोचलीत त्याचे, असे उत्तर आले. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? मांडव्यांनी खुद्द यमालाच शाप दिला. तो विदुर होऊन जन्मला. आणि त्यांनी मर्यादाही घालून दिली : चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याचे पाप लागणार नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातल्या कल्याणीनगरमध्ये हाच प्रश्न रक्ताळलेला समोर आला. सतरा वर्षांचा मुलगा चालवत असलेल्या पोर्शेने दुचाकी उडवली. मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले दोन तरुण अभियंते, एक मुलगी आणि एक मुलगा, मृत्युमुखी पडले. कोट्यवधींच्या त्या गाडीला नंबरप्लेट नव्हती, कारण नोंदणीचे १,७५८ रुपये भरायचे राहिले होते. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला. त्यात अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. लोक खवळले, आणि ते रास्तच होते.

मात्र त्या संतापात कायद्याची एक जरब दुर्लक्षित राहिली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १९९अ नुसार वाहन चालवताना गुन्हा करणाऱ्या अल्पवयीनाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. दुसरीकडे बाल न्याय कायदा अशा मुलाला नवी सुरुवात देऊ पाहतो. यात विसंगती नाही. माथ्यावरचा शिक्का पुसला जावा, चावी मात्र दूर राहावी. सतरा वर्षांच्या मुलाला जन्मभराचा गुन्हेगार ठरवणे म्हणजे यमधर्माचीच चूक पुन्हा करणे. पण रस्त्यावर इतरांचेही जीव असतात, आणि गाडी चालवणे हा कुणाचा जन्मसिद्ध हक्क नव्हे.

वाल्या कोळ्याच्या घरच्यांनी त्याच्या पापात वाटा घ्यायला साफ नकार दिला होता. १९९अ मध्ये तशी सोय नाही. पालकाची संमती होती असेच न्यायालय गृहीत धरते. नव्हती, हे त्याने सिद्ध करायचे. नाहीतर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द.

‘जवळच तर जातोय’ म्हणून दहावीतल्या पोराला क्लाससाठी स्कूटर देणाऱ्या आईवडिलांनी हे कलम एकदा नीट वाचावे. ते फक्त पोर्शेवाल्यांसाठी लिहिलेले नाही.