पवित्र चोरी

चोरी पवित्र असू शकते काय? सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला कुणी हा प्रश्न विचारला असता, तर आमच्या गुरुजनांनी तो एका वाक्यात निकालात काढला असता. आम्हाला तो भेटला फ्रान्समधील एका खेड्यात, तंबूच्या खुंट्या ठोकताना, आणि अजून त्याने आमची पाठ सोडलेली नाही.

दोन सहाध्यायी धर्मगुरूंसमवेत आम्ही मोटारीने दक्षिण फ्रान्सच्या ग्रामीण भागातून हिंडत होतो. हॉटेले परवडणारी नव्हती; परंतु तिकडे खेडोपाडी तंबूंसाठी राखलेली मैदाने असतात, पाण्याची व न्हाणीघराची सोयही असते. तांबड्या दगडाचे कोलोंज-ला-रूज पाहिले, कड्याला बिलगलेले रोकामादूर पाहिले आणि दूर्दू नदीच्या काठी, कॉंक गावाखाली मुक्काम टाकला.

कॉंकचे मठमंदिर अकराव्या-बाराव्या शतकातले. कॉंपोस्टेलाला पायी निघालेले यात्रेकरू आजही येथे थांबतात. तेथे संत फ्वा हिचे अवशेष आहेत. फ्वा म्हणजे श्रद्धा. आजाँ नगरात रोमन छळात हुतात्मा झालेली ही कोवळी मुलगी. अवशेष मूळचे आजाँचेच. परंपरा सांगते की, नवव्या शतकात कॉंकचा एक मठवासी आजाँला गेला, कित्येक वर्षे तेथे सेवेत राहिला, विश्वास संपादून कबरीचा राखणदार झाला आणि संधी साधून अवशेषांसह निसटला. कॉंककरांनी हे लपविले नाही. अभिमानाने लिहून ठेवले. त्यांचा युक्तिवाद असा: संताची इच्छा नसती तर ती आलीच नसती!

युक्तिवाद गोड आहे, पण टिकत नाही. यशाला देवाची संमती मानले, तर कुठला चोर दोषी ठरेल? चांगले घडावे म्हणून वाईट करण्याची मुभा संत पौल देत नाही, आणि हेतू शुद्ध असला तरी कृती शुद्ध होत नाही, हे संत थॉमस अक्वायनसने आम्हाला शिकविले. पण आम्हाला अधिक छळते ती त्या मठवाशाची आजाँमधील वर्षे. त्या काळात त्याने केलेल्या प्रार्थना खोट्या होत्या काय? त्याच्या हातून एखाद्या आजाऱ्याला मिळालेला दिलासाही खोटा?

सायंप्रार्थनेनंतर मठवासी पश्चिम दारावरील अंतिम न्यायाचे शिल्प समजावून सांगतात. नरकात गळ्यात थैली अडकवलेला कंजूष आहे, आणि सैतानाच्या जाळ्यात सापडलेले मठवासीही आहेत. चोरून आणलेल्या ठेव्याभोवती उभ्या राहिलेल्या मंदिराच्या दारावरच हे कोरलेले! आणि ह्याच गावच्या लोकांनी फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात मंदिराचा खजिना घराघरांत दडवून वाचविला व पुढे परत आणून दिला. चोरीच्या आश्रयाने प्रामाणिकपणाही वाढतो की काय, कोण जाणे.

पियेर सुलाज ह्या चित्रकाराने 1994 मध्ये पूर्ण केलेल्या रंगहीन काचांमधून प्रकाश आत झिरपत होता. बाकावर बसून आम्हाला आमचेच एक सभागृह आठवत होते. पूर्वीच्या एका धर्मग्रामात असताना त्यासाठी आम्ही मोठी देणगी स्वीकारली. पैसा कोणाच्या जमिनीतून आला, ह्याची कुजबुज कानी आली होती. आम्ही विचारले नाही. आज तेथे मुले धर्मशिक्षण घेतात, लग्ने लागतात, गरिबांना औषधे मिळतात. ज्यांची जमीन गेली त्यांची नातवंडेही तेथेच श्लोक पाठ करतात. हे आठवून आम्हाला दिलासा वाटावा की लाज, हे ठरत नव्हते. 'देवाची इच्छा होती म्हणून झाले,' असे उद्घाटनाच्या दिवशी आम्हीच व्यासपीठावरून म्हणालो होतो.

रात्री तंबूत झोप आली नाही. पहाटे दवाने जड झालेले कापड गुंडाळताना सोबतच्या फादरांनी पुढचा मुक्काम विचारला. आजाँ आमच्या वाटेवर नव्हते. आम्ही नकाशा बोनेटवर पसरला आणि तिकडे जाणारा रस्ता शोधू लागलो.